खाजेची फिर्याद

अंगावर काही उठले म्हणजे ते प्रथम घरातील वडीलधाऱ्या बाईला, मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराला आणि हे दोन्ही दरबार फिरून महिना-दीड महिना लोटल्यावरच डॉक्टरांना दाखवावयाचे, असा आपल्याकडचा परिपाठ आहे. आणि तोवर नाना मलमांनी मूळ व्याधीचे रूप इतके पालटलेले असते की, जाणत्या त्वचारोगतज्ज्ञालाही ती ओळखण्यास सायास पडतात. याच्या मुळाशी एक चुकीचा हिशेब आहे. जे फार खाजते ते दुखणे मोठे आणि जे खाजत नाही त्याची फिकीर नाही, असे आपण धरून चालतो. वस्तुतः खाज ही मोठ्याने फिर्याद करणारी, पण साक्षीला कच्ची.

वैशाखातले घामोळे घ्या. घामाच्या नलिकांची तोंडे बुजून घाम कातडीतच अडकला म्हणजे मानेवर, पाठीवर काटे टोचल्यासारखे होते. पण सैल सुती कपडा, वारा आणि थंड पाण्याची आंघोळ एवढ्यावर ते आठवडाभरात बसते. अंगावर पित्त उठते तेही असेच. लालसर गांधी उठतात, जीव नकोसा होतो, घरात आमसुले भिजत पडतात, आणि एकेक गांध चोवीस तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते, भले दुसरी दुसरीकडे उठो. मात्र त्याच पित्ताबरोबर ओठ, पापण्या किंवा जीभ सुजू लागली, आवाज घोगरा झाला वा श्वास लागला, तर आमसुलाचे पाणी तसेच ठेवून तडक रुग्णालय गाठावे.

आमच्या शेजारी एक निवृत्त मामलेदार राहत. त्यांच्या पापण्या, गळ्याचा उघडा भाग आणि कोपरांच्या खळग्या दरवर्षी लाल होऊन सोलपटत. साबण बदलून झाले, वांगी सोडून झाली, ग्रहशांतीही उरकली. लेकीकडे मुंबईस पंधरा दिवस राहिले की चेहरा निवळे, पुण्यास परतले की पुन्हा तेच. शेवटी एका तज्ज्ञाने त्यांच्या पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून परीक्षा केली, तेव्हा गुन्हेगार सापडला तो अंगणाच्या कुंपणालगत माजलेले गाजर गवत. परदेशी धान्यातून आलेल्या या तणाची आपल्या देशातील पहिली ठळक नोंद 1955 च्या सुमारास पुण्यातच झाली, आणि त्यानंतर त्याने देशभर इतकी मजल मारली की, ओसाड प्लॉट आणि रस्त्यांच्या कडा त्याच्याच वहिवाटीच्या झाल्या. त्यातील पार्थेनिन नावाचे द्रव्य सुकलेल्या पानाफुलांच्या धुळीबरोबर हवेतून अंगावर बसते. म्हणून गवताला हात न लावणारा माणूसही उघड्या अंगापुरता त्याचा बळी ठरतो. मामलेदार ते गवत आजवर स्वतःच्या हाताने उपटत होते, हे येथे सांगितलेच पाहिजे! टिकलीच्या गोंदाने कपाळावर, बिब्ब्याच्या तेलाने जेथे लागेल तेथे आणि खोट्या दागिन्यातील निकेलने कानाच्या पाळीवर होणारे विकार याच गोत्रातले. पुरळ कोठे उठले हे नीट पाहिले तर निम्मा शोध घरबसल्या लागतो.

गजकर्णाची गोष्ट अधिक खेदाची. कडेने उठावदार, मधे निवळलेले हे वर्तुळ बुरशीचे असते; पण दुकानातून आणलेल्या मिश्र मलमातील स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत शमते आणि बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची असली चौदा मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. हुकूम निघाला, विक्रीचा बंदोबस्त अजून व्हायचा आहे. खरजेची खूण निराळी: बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या, रात्री वाढणारी खाज, आणि घरातील दुसरा-तिसरा माणूसही खाजवू लागलेला. येथे औषध सर्व घराने एकाच वेळी लावावे लागते.

नागिणीचे तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत अजून ऐकू येते. कांजिण्यांचाच विषाणू वर्षानुवर्षे मज्जातंतूत दडून राहतो आणि पुढे त्या तंतूच्या वाटेने फोड उठवतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असल्यामुळे विळखा सहसा पुरा होतच नाही. मात्र फोड उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत औषध सुरू झाल्यास उत्तम, आणि ती मुदत बहुधा गेरूचा लेप लावण्यात निघून जाते. फोड डोळ्याच्या आसपास असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तापाबरोबर जांभळे ठिपके उठले आणि काचेचा पेला दाबूनही ते फिके पडले नाहीत, किंवा नवे औषध सुरू केल्यावर पुरळाबरोबर तोंड सोलले, डोळे लाल झाले, कातडी दुखून सुटू लागली, तर रात्र असो की सणवार, थांबू नये. तान्ह्या मुलाच्या अंगावर तापासह काही उठले तरी हाच नियम.

आणि जो कधीच फिर्याद करीत नाही, तो फिकट किंवा तांबूस चट्टा. तो खाजत नाही, दुखत नाही, घामही धरीत नाही. त्यावर पिसाचे टोक फिरवले तर कळत नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. वेळीच सुरू केलेल्या गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो, हातापायांना व्यंग येत नाही, आणि त्या गोळ्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात.