परदेशी शिक्षणाचा हिशेब (भाग 5) : दरात दडलेला खर्च

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांची पहिली फी जुलै-ऑगस्टच्या सुमाराला भरायची असते. त्या दिवसांत पुणे, सांगली, नाशिककडच्या बँक शाखांत पॅन कार्ड, प्रवेशपत्र आणि ए-टू अर्ज घेऊन बसलेले पालक दिसू लागतात. कुणी मुदत ठेव मोडलेली असते, कुणी भविष्य निर्वाह निधीला हात घातलेला असतो. एवढी मोठी रक्कम हातावेगळी करताना अनेक जण एकच प्रश्न विचारतात : ‘कमिशन किती?’ आकडा किरकोळ वाटतो आणि सही होते. मोठा खर्च मात्र दरात असतो, आणि त्याची वेगळी पावती मिळत नाही.

मागच्या भागात पाहिलेला टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर, विवरणपत्र भरताना करात वळता होतो. दरात गेलेला पैसा कायमचा जातो.

बँका आपापसात डॉलरची खरेदी-विक्री करतात तो बाजारभाव. ग्राहकाला लावतात तो दर त्याहून चढा. मधला फरक ही बँकेची कमाई. बँकेच्या भाषेत मार्जिन. समजा, बाजारात डॉलर 90 रुपयांना आहे आणि फी 30,000 डॉलर. एका बँकेने दीड टक्का मार्जिन धरून 91 रुपये 35 पैसे सांगितले, दुसरीने 90 रुपये 36 पैसे. डॉलरमागे फरक 99 पैशांचा, पण एकूण रकमेवर तो 29,700 रुपये होतो.

जीएसटी मात्र कोणत्याही बँकेत गेले तरी जवळपास तेवढाच. रक्कम दहा लाखांच्या वर असेल तर 5,500 रुपये आणि दहा लाखांवरच्या रकमेचा 0.1 टक्का एवढे सेवामूल्य धरतात (कमाल 60,000 रुपये) आणि त्यावर 18 टक्के कर लावतात. वरच्या उदाहरणात दोन्ही बँकांत हा कर 1,300 रुपयांच्या आसपास येतो. म्हणून ‘शून्य कमिशन’ असे कुणी सांगितले, तरी तिथला दर पाहिल्याशिवाय व्यवहार स्वस्त की महाग हे कळत नाही.

शाखेतल्या दरपत्रकात एकाच डॉलरपुढे चार-सहा आकडे असतात. फी पाठवणाऱ्याने पाहायचा तो ‘टीटी सेलिंग’, म्हणजे खात्यातून खात्यात पैसे पाठवण्यासाठी बँक ज्या दराने डॉलर विकते तो. ‘टीटी बाइंग’ परदेशातून येणाऱ्या पैशासाठी. रोख नोटांचा दर सर्वांत महाग, कारण नोटा आणणे, सांभाळणे आणि त्यांचा विमा यांचा खर्च त्यात धरलेला असतो.

हे दरपत्रक म्हणजे ‘कार्ड रेट’. तो सकाळी ठरतो आणि लहान रकमांसाठी असतो. दिवसभरात बाजार हलला तर नुकसान होऊ नये म्हणून बँक त्यात आधीच जागा ठेवते. रक्कम मोठी असेल तर शाखा आपल्या ट्रेझरी विभागाला फोन करून त्या घडीचा दर मागू शकते. पण हे आपण होऊन क्वचितच कुणी सांगते. ‘तीस हजार डॉलर पाठवायचे आहेत, ट्रेझरीचा रेट काय मिळेल?’ असे सरळ विचारावे. मिळालेला दर काही मिनिटेच टिकतो, म्हणून अर्ज, पॅन आणि खात्यातली शिल्लक तयार ठेवूनच विचारावे. दोन बँकांची तुलना करायची तर दोन्ही दर एकाच वेळी घ्यावेत. सकाळचा एक आणि दुपारचा दुसरा असे दर शेजारी मांडून काही कळत नाही. बाजार बंद असताना, शनिवार-रविवारी, मार्जिन वाढण्याची शक्यता असते.

बाजारभावाचा अंदाज घ्यायला एफबीआयएल ही संस्था कामाच्या दिवशी दुपारी संदर्भदर जाहीर करते. जुलै 2018 पर्यंत हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करत असे. साडेअकरा ते साडेबारा या तासातल्या प्रत्यक्ष व्यवहारांवरून हा दर काढतात. बँकेने सांगितलेला दर याच्यापेक्षा किती पैसे वर आहे, ते पाहावे.

आणखी एक वाट आहे. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने 5 ऑगस्ट 2019 रोजी ‘एफएक्स-रिटेल’ हा मंच सुरू केला. तिथे नोंदणी केलेला सामान्य ग्राहक बाजारातल्या दराने डॉलर घेऊ शकतो. बँकेने आपला मोबदला वेगळा आणि आधी सांगायचा असतो. नोंदणी बँकेमार्फतच होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून फीच्या अंतिम तारखेच्या बऱ्याच आधी शाखेत चौकशी करावी.

शेवटची खबरदारी वाटेतल्या कपातीची. स्विफ्टने जाणारे पैसे मध्यस्थ बँकेतून जातात आणि ती आपले शुल्क कापू शकते. अर्जात ‘एसएचए’वर खूण केली तर विद्यापीठाच्या खात्यात काही डॉलर कमी पोहोचतात आणि फी अपुरी दिसते. ‘ओयूआर’ निवडले की हे शुल्क पाठवणारा भरतो. म्हणून प्रत्येक बँकेकडून दोन आकडे लेखी घ्यावेत : खात्यातून एकूण किती रुपये जाणार आणि विद्यापीठाला किती डॉलर मिळणार.

पुढच्या भागात : शैक्षणिक कर्जातून फी जाते तेव्हा दर कोण ठरवतो आणि कर्जदाराला त्यात किती वाव असतो.