चिनी सृष्टिकथा आणि परका वाचक

कोणत्याही देशाच्या पुराणकथा वाचू लागलेला परका वाचक पहिला प्रश्न विचारतो तो आरंभाचा. जग कोणी घडविले आणि माणूस कोठून आला, एवढे कळले की पुढील कथांचे सूत्र हाती येईल, अशी त्याची समजूत असते. चीनच्या बाबतीत ही समजूत त्याला चकविते. बायबलातील उत्पत्तीच्या अध्यायासारखे सर्वमान्य असे एकच वृत्त तेथे नाही. प्राचीन कथा काव्य, तत्त्वचर्चा, भूवर्णने आणि इतिहासग्रंथ यांत विखुरल्या आहेत. कोठे चार वाक्ये, तर कोठे केवळ एक प्रश्न.

अशा वाचकापुढे प्रथम येते ती पान्गूची कथा. आरंभी आकाश आणि पृथ्वी अंड्यासारखी एकरूप होती व त्यात पान्गू जन्मला. अठरा हजार वर्षांनी निर्मळ अंश वर जाऊन आकाश झाले, गढूळ अंश खाली बसून पृथ्वी झाली, आणि दोहोंमध्ये पान्गू दिवसेंदिवस वाढत राहिला. तो मरण पावला तेव्हा त्याच्या श्वासाचा वारा झाला, आवाजाची मेघगर्जना, डाव्या डोळ्याचा सूर्य, उजव्याचा चंद्र आणि रक्ताच्या नद्या झाल्या. त्याच्या अंगावरचे किडे, तीच मनुष्यजात.

हे ऐकताच भारतीय वाचकास ऋग्वेदातील पुरुषसूक्त आठवते. तेथेही विराट देहापासून विश्व होते. नेत्रांपासून सूर्य, प्राणापासून वायू. मग 'ही तर आपलीच कथा' असे म्हणण्याचा मोह होतो. काही पंडितांनी पान्गूच्या कथेवर भारतीय छाया असल्याचे म्हटले आहे, तर काहींनी तिचे मूळ दक्षिण चीनमधील मिआओ व याओ यांसारख्या जमातींत शोधले आहे. परंतु साम्याइतकाच भेदही पाहावयास हवा. पुरुषाला देव यज्ञात अर्पण करतात आणि त्याच्या अवयवांपासून चार वर्ण होतात. पान्गूला कोणी मारीत नाही, यज्ञ होत नाही, आणि उच्चनीचतेचा तर उल्लेखही नाही.

तो उल्लेख सापडतो वेगळ्याच ठिकाणी. न्यूवा नावाच्या देवीने पिवळी माती मळून माणसे घडविली. पुढे सवड उरेना, तेव्हा तिने चिखलात दोरी बुडवून ओढली आणि जे उडाले त्याची माणसे झाली. मातीची घडविलेली ती श्रीमंत व कुलीन, दोरीची ती दरिद्री व हीन. ही कथा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील यिंग शाओ या अधिकाऱ्याच्या ग्रंथातील म्हणून सांगितली जाते. बाह्यतः तिचे पुरुषसूक्ताशी काहीच नाते दिसत नाही. तथापि समाजातील विषमतेला जन्मसिद्ध ठरविण्याचे कार्य दोन्ही ठिकाणी एकच आहे. कथेचा आकार पाहून जे कळत नाही, ते तिचे कार्य पाहून कळते.

कालक्रमाचीही अशीच गंमत आहे. पान्गूची कथा सृष्टीच्या आरंभाची असली, तरी ती लेखी स्वरूपात प्रथम आढळते ती तिसऱ्या शतकात, श्यू चंग याच्या नावावर. त्याचा मूळ ग्रंथही नष्ट झाला असून उतारे तेवढे उरले आहेत. उलट न्यूवाचे नाव छू युआनच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या प्रश्नकाव्यात त्याच्या कित्येक शतके आधी येते. तेथे कवी विचारतो, की तिचा स्वतःचा देह कोणी घडविला? उत्तर दिलेले नाही. महापुराचा निवारक यू तर याहूनही जुन्या गीतांत आढळतो. 1923 मध्ये गू ज्येगांग या इतिहासकाराने यातून एक नियम मांडला: जो पुरुष जितका उशिरा ग्रंथांत येतो, तितका तो अधिक प्राचीन काळी नेऊन बसविला जातो. हा विचार केवळ पंडितांपुरता राहिला नाही. राष्ट्राच्या मूळपुरुषांवर संशय घेणारे त्याचे शालेय इतिहासाचे पुस्तक 1929 मध्ये सरकारने बंद केले.

या जुन्या थरांत निर्मितीपेक्षा दुरुस्तीला अधिक मान आहे. इ. स. पूर्व 139 मध्ये सम्राटाला सादर झालेल्या 'ह्वायनान्‌त्सू' या ग्रंथात आकाशाचे खांब मोडतात, आग व पाणी आवरेनासे होते. तेव्हा न्यूवा पाच रंगांचे दगड वितळवून आकाश सांधते, महाकासवाचे पाय तोडून चार दिशांना उभे करते आणि बोरूच्या राखेने पूर थोपविते. यूचा पिता गुन बांध घालून पुराशी झुंजला व हरला. यूने पाण्याला वाटा खणून दिल्या आणि ते समुद्राकडे नेले. त्या कामात तीन वेळा स्वतःच्या दारावरून गेला, पण आत शिरला नाही.

म्हणून परक्या वाचकाने चिनी कथांचा आरंभ यूपासून करावा, मग न्यूवाकडे यावे आणि पान्गूला शेवटी भेटावे. कथेतील काळ याने उलटा होतो. मात्र त्या कथा ज्या क्रमाने ग्रंथांत आल्या, तो क्रम त्याच्या हाती लागतो.