न पाहिलेल्या दुकानदाराची पत

गावातल्या वाण्याचे माप आपण डोळ्यांनी पाहतो. तो फसवू लागला तर चार घरी बोभाटा होतो. पण ज्याचे तोंडही कधी पाहिलेले नाही अशा दूरच्या विक्रेत्याला आधी पैसे कसे पाठवायचे?

१९९५ साली अमेरिकेत पियरे ओमिद्यार याने इंटरनेटवर लिलावाची पेठ काढली. तीच पुढे ‘ईबे’ म्हणून प्रसिद्ध झाली. १९९६ पासून तेथे एक सोपी रीत पडली. सौदा संपला की ग्राहक व विक्रेता यांनी एकमेकांना शेरा द्यायचा. चांगला म्हणजे अधिक एक, वाईट म्हणजे उणे एक, मध्यम म्हणजे शून्य. या गुणांची बेरीज सर्वांना दिसे.

अशा बेरजेला खरोखर काही मोल असते का? नुसते लोकांना विचारून हे कळणार नाही, त्याला प्रयोगच हवा. पॉल रेझ्निक, रिचर्ड झेकहाउझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २००६ साली प्रसिद्ध केला. माल होता जुनी चित्रपोस्टकार्डे. एका मुरलेल्या विक्रेत्याने सारख्या गठ्ठ्यांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतला एक गठ्ठा त्याने आपल्या नावाजलेल्या नावाने विकला, दुसरा नव्या कोऱ्या नावाने. कोणता गठ्ठा कोणत्या नावाने, हे दैवावर सोडले होते. नाहीतर नकळत उजवा गठ्ठा जुन्या नावाकडे गेला असता. माणूस तोच, माल तसाच, बदलले फक्त नाव! तरी जुन्या नावासाठी ग्राहक ८.१ टक्के जास्त मोजायला तयार होते. म्हणजे शंभर रुपयांच्या मालामागे आठ रुपये निव्वळ पतीचे.

मग ही बेरीज खरी मानावी का? १९९९ मधले सौदे तपासले तेव्हा ग्राहकांचे ९९ टक्के शेरे चांगले निघाले. वर्गातली शंभरांपैकी नव्व्याण्णव मुले पहिल्या वर्गात आली, तर मुलांचे कौतुक करण्याआधी आपण प्रश्नपत्रिका मागवून पाहू! येथे एक कारण भीतीचे होते. वाईट शेरा दिला की समोरचाही उलट तसाच शेरा देई. शिवाय जवळजवळ निम्म्या सौद्यांत ग्राहकांनी काहीच लिहिले नव्हते. त्यांत समाधानी किती आणि घाबरून गप्प बसलेले किती, हे बेरजेतून कसे कळावे?

२००८ साली ईबेने विक्रेत्यांना ग्राहकाविषयी वाईट शेरा देण्याची बंदी केली. ग्राहकाची भीती गेली खरी. पण पैसे बुडवणाऱ्या ग्राहकाबद्दल इतर विक्रेत्यांना सावध करण्याचा तो मार्गही त्याबरोबरच बंद झाला.