पावसाआधीचं छप्पर

भिवंडी तालुक्यातल्या एका गावात, मे महिन्यातला एक दिवस

पहाटे ५.३०

मे महिन्यात भिवंडीकडे उघड्यावर काम करायचं तर उन्हाच्या आधी उठावं लागतं. मी चिंचेखाली माठ भरून ठेवते, घमेली धुते आणि रचलेला पेंढा काठीने उलथून बघते. या दिवसांत विंचू गारव्याला पेंढ्याखाली बसतो. मुलांचे हात तिथे पोचण्याआधी माझी काठी फिरलेली असली पाहिजे.

आमच्या उन्हाळी वर्गाचं काम एका प्रश्नातून निघालं. शेजारच्या आजींच्या शेळीला दोन करडं झाली. ती बघायला गेलेल्या पाच वर्षांच्या मुलीने विचारलं, “ताई, पावसात ही कुठे झोपणार?” आमच्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, त्यामुळे प्रश्न अगदी खरा होता. मुलांनी ठरवलं की करडांसाठी खोपी बांधायची. कारवीचा कुड, मातीचा लेप आणि वर पेंढ्याचं छप्पर.

सकाळी ७.००

मुलं येतात. तीन वर्षांची, आठ वर्षांची, सगळी एकत्र. काही गावातल्या शेतकऱ्यांची, काही भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या यंत्रमाग कामगारांची आणि गोदामांतल्या हमालांची. सुट्टीत मुलखाला गेलेल्यांची जागा रिकामी असते. ज्यांना जाणं परवडलं नाही, ती इथे असतात. त्यांच्या खोलीवर पत्रा आहे. दिवस वर आला की तिथे बसवत नाही, आणि बाहेर रस्त्यावर कंटेनर धावत असतात. लहान मुलाला सुरक्षित मोकळी जागा मिळणं ही या गावांत आता मोठी गोष्ट झाली आहे.

आम्ही गोल बसतो. आजचा प्रश्न: छप्पर किती उतरतं ठेवायचं?

उत्तर मी देत नाही. काल मुलांनी बांबूच्या पट्ट्यांवर पेंढा बांधून दोन तुकडे केले होते. एक जवळजवळ आडवा ठेवला, दुसरा चांगला तिरका. दोन्हींखाली वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि दोन्हींवर एकेक तांब्या पाणी ओतलं. आडव्याखालचा कागद चिंब झाला. तिरक्याखाली चार ठिपके पडले. ठिपके कुणीतरी मोजले, मग सगळ्यांनी मोजले. सात वर्षांचा एक मुलगा म्हणाला, “तिकडे पाण्याला आत शिरायला वेळच मिळाला नाही.” हे वाक्य मी त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतलं.

सकाळी ८.००

आता चिखल तुडवायचा. शेतातली माती, शेण आणि कोयत्याने मी बारीक करून ठेवलेला पेंढा. मोठी मुलं घमेली मोजून टाकतात, लहान मुलं पाय बुडवून नाचतात.

पेंढा कशाला घालायचा, याचं उत्तर चार दिवसांपासून उन्हात वाळतंय. मुलांनी मातीच्या दोन प्रकारच्या वड्या थापल्या होत्या, एक पेंढा घालून आणि एक नुसत्या मातीची. नुसत्या मातीला भेगा पडल्या आहेत. ओली माती वाळताना आकसते आणि फाटते. पेंढ्याचे धागे तिला धरून ठेवतात. मी हे बोलून दाखवण्याआधी तीन वर्षांच्या मुलीने दोन्ही वड्या मोडून बघितल्या. एक पटकन मोडली, दुसरी तिच्याने मोडेना. तिने ती वडी सगळ्यांना हाताळायला दिली.

कारवी जंगलातून तोडलेली नाही. गावातलं एक जुनं घर पाडून तिथे स्लॅबचं घर उभं राहिलं, तेव्हा निघालेल्या कुडातून निवडून आणली. ज्या घरांच्या भिंती अशा होत्या, ती घरं या मुलांच्या डोळ्यांसमोर नाहीशी होत आहेत. भिंतीच्या आत काय असतं, हे निदान एकदा त्यांच्या हातांनी जाणावं असं मला मनापासून वाटतं.

सकाळी ९.३०

साबणाने हात-पाय धुणं, नखांसकट. शेणमातीचं काम असल्यामुळे यात सूट नाही. मग मटकीची उसळ, गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत. आज एका मुलाच्या आईने पळसाच्या पानात करवंदं पाठवली आहेत. वाटणी मुलंच करतात. उरलेल्या तीन करवंदांचं काय करायचं यावर बराच वेळ चर्चा चालते, आणि शेवटी ती सगळ्यांत लहान तिघांना मिळतात.

सकाळी १०.००

ऊन चढलं की काम सावलीत. मुलं खोपीचं चित्र काढतात. दार किती उंच हवं? यासाठी त्यांनी परवा करडाच्या खुरापासून कानापर्यंत सुतळी लावून मापलं. तेवढ्यात एकाने अडवलं, “पण ते मोठं होणार ना!” मग मोठ्या शेळीला सुतळी लावली. तीच सुतळी आज दाराच्या बांबूवर ठेवून खूण केली.

१०.३० ला वर्ग सुटतो. त्यानंतर एकही मूल उन्हात ठेवायचं नाही, हा नियम मी मोडत नाही.

दुपारी १.००

नोंदी लिहायची वेळ. आज कोण काय म्हणालं, कोण गप्प होतं, कुणाच्या बोटांना गाठ जमली.

लिहिताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण रोज येते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तो भाग तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघी बालवाडी त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडेनात, तेव्हा शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा उभी राहिली. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. ताराबाईंनी बिया, खडे, शिंपले आणि पानं घेऊन तेच शिक्षण उभं केलं. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा एकसंध पायाभूत टप्पा मानला. कोसबाडला या दोघींच्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी कितीतरी आधी नांदत होती.

दुपारी ४.३०

ऊन कलतं. आता मोठी मुलं आणि गावातली जाणती माणसं. शाकारणी आयुष्यभर केलेले एक आबा बाजेवर बसून सांगतात आणि मुलं करतात. “खालून सुरुवात करायची, वळचणीकडून. वरची पेंढी खालच्या पेंढीवर चढली पाहिजे.”

“का आबा?”

“उलटं करून बघ आणि पाणी ओत.”

मुलं उलटं करून बघतात. पाणी पेंढ्यांच्या फटीतून सरळ आत. आबा समाधानाने मान हलवतात. इतका चांगला शिक्षक मला कुठल्या प्रशिक्षणात भेटला नव्हता.

आजी मुलींना आणि मुलांना सारवण शिकवतात. हात सगळ्यांचे सारखेच माखलेत.

संध्याकाळी ६.००

मुलीला न्यायला आलेली एक आई थांबते. मागावरून थेट आलीय, केसांत कापसाचे तंतू आहेत. “ताई, जूनमध्ये हिला पहिलीला घालायचंय. अक्षरं कधी शिकवणार?”

ही काळजी रास्त आहे. शाळा सुटलेल्यांचं काय होतं, ते तिने मागावर रोज पाहिलेलं असतं. मी तिला खोपीपाशी नेते. दाराच्या चौकटीजवळ ओल्या मातीत मुलीने काडीने स्वतःचं नाव कोरलंय. पेंढ्या तिने दहा-दहाच्या रचल्यात. सुतळी पिळून, गाठ मारून तिच्या बोटांना जोर आलाय; पेन्सिल धरायला तोच जोर लागतो. आई नावावरून बोट फिरवते आणि मुलीला विचारते, “हे तू लिवलंस?” मुलगी मात्र तिला वळचण दाखवण्यात गुंतलेली असते.

रात्री ८.३०

उद्याची तयारी. सुतळी संपत आलीय. खोपीभोवती चर खणायचा आहे, पण चर कुठल्या बाजूला उतरेल हे मुलांना बादलीभर पाणी ओतून शोधू द्यायचं. कुडाचा दुसरा लेप परवावर ढकलायचा, पहिला नीट वाळला पाहिजे.

हे काम खेळण्यातलं नाही, म्हणून मुलं त्यात इतकी रमतात. खोपीत खरी करडं राहणार आहेत आणि वर खरा पाऊस पडणार आहे. मुलांच्या कामाला माझ्या शाबासकीपेक्षा मोठी कसोटी लागणार आहे, आणि त्यांना ती हवी आहे. जूनमध्ये पहिली सर येईल तेव्हा एखादा कोपरा गळेलही. तो का गळला हे पाच वर्षांची मुलं शोधतील, चार पेंढ्या उपसतील आणि वळचणीपासून पुन्हा रचतील. तेवढं त्यांना आता येतं.