राष्ट्रपतींना पदावरून काढायचं तर कारण काय लागतं?

रामटेकला घरी गेलो की काका हमखास एक प्रश्न टाकतात. यावेळी म्हणाले, "राष्ट्रपतीला काढता येतं का रे?"

येतं. कलम ६१. पण कारण एकच लिहिलंय: संविधानाचं उल्लंघन. आम्हा विज्ञानवाल्यांना आधी व्याख्या लागते. इथे ती नाहीच. बाबासाहेबांनी संविधान सभेत हा शब्दप्रयोग व्यापक असल्याचं सांगितलं होतं. देशद्रोह, लाचखोरीही त्यात बसू शकते.

आता हे बघा. २५ जून १९७५ च्या रात्री फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी सकाळी! हे उल्लंघन? तेव्हा मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, असं कलम ३५२ मध्ये नव्हतं. ती अट ४४ व्या घटनादुरुस्तीने, १९७८ मध्ये आली. आज तशी सही झाली तर बचाव अवघड जाईल.

आरोप कोणत्याही सभागृहात मांडता येतो. एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस, मग एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं. लोकसभेत ५४३ पैकी ३६२. दुसरं सभागृह चौकशी करतं आणि तेवढ्याच बहुमताने निकाल देतं. म्हणजे 'उल्लंघन' कशाला म्हणायचं, हे शेवटी खासदारच ठरवतात.

आमदार नाहीत. राष्ट्रपती निवडताना रामटेकच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, काढताना शून्य. उलट राज्यसभेतले नियुक्त सदस्य निवडणुकीत मत देत नाहीत, पण महाभियोगात देऊ शकतात. काकांना हे अजिबात पटलं नाही. मलाही फारसं नाही.