शिपाई, जनरल रजिस्टर आणि राउटर

समजा तुमच्या शाळेला चार दारे आहेत आणि प्रत्येक दारावरच्या शिपायाजवळ मुलांची वेगळी यादी आहे. एक मुलगा दाखला घेऊन शाळा सोडून गेला. त्याचे नाव चारही याद्यांतून खोडायला हवे. तीन खोडल्या, चौथी राहिली! आमच्या महाविद्यालयातल्या एका राउटरमध्ये, पदवी घेऊन गेलेल्या मुलांची नावे मला अशीच सापडली. ती अजून चालत होती.

राउटर म्हणजे संगणकांच्या दोन जाळ्यांमधला शिपाई. त्याने स्वतःच्या यादीऐवजी कचेरीतले एकच जनरल रजिस्टर विचारात घेतले तर? अशा रजिस्टराला संगणकशास्त्रात निर्देशिका म्हणतात. १९८८ मध्ये एक्स ५०० या नावाने तिचे प्रमाणक ठरले, पण ते फार अवजड होते. म्हणून १९९३ मध्ये तिच्याशी बोलण्याची सुटसुटीत रीत निघाली, ती एल.डी.ए.पी. निर्देशिका झाडासारखी असते. संस्था हे खोड, विभाग ही फांदी, माणूस हे पान. नोंदीचे पूर्ण नाव मात्र पानापासून खोडाकडे लिहितात, पाकिटावरच्या पत्त्यासारखे!

आता काम कसे चालते ते पाहू. तुम्ही नाव आणि परवलीचा शब्द देता. राउटर आधी स्वतःच्या खात्याने निर्देशिकेत शिरून तुमची नोंद शोधतो. मग त्या नोंदीचे पूर्ण नाव आणि तुमचा शब्द देऊन पुन्हा दार ठोठावतो. दार उघडले, तर ओळख पटली. गंमत अशी, की चांगल्या निर्देशिकेतही तुमचा शब्द नसतो, त्याची ‘चटणी’ असते. आलेला शब्द तशाच रीतीने वाटून दोन्ही चटण्या जुळतात का, एवढेच ती पाहते. चटणीतून पुन्हा नारळ कोण काढणार?

पण वाटेत शब्द अख्खाच असतो. ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर साधे बोलणे चालू असेल, तर मध्ये कान लावणाऱ्याला तो सरळ वाचता येतो. तेव्हा तेथे सांकेतिक आवरण सुरू करावे, नाहीतर ६३६ क्रमांकाचे पोर्ट वापरावे.

याहून फसवी जागा निराळीच आहे. नाव दिले आणि शब्द कोराच ठेवला, तर? काही निर्देशिका समजतात, ‘हा ओळख पटवू पाहत नाही, पाहुणा म्हणून येतो आहे,’ आणि ‘ठीक’ म्हणतात. भोळा राउटर त्या ‘ठीक’चा अर्थ ‘ओळख पटली’ असा घेतो आणि मुख्याध्यापकांच्या नावाने कोणीही आत! २००६ च्या प्रमाणकात याबद्दल स्पष्ट इशारा आहे: विचारणाऱ्याने कोरा शब्द स्वीकारूच नये.

तुमच्या शाळेत अशी जोडणी होईल तेव्हा सरांच्या परवानगीने तीन वेळा करून पाहा: बरोबर शब्द, चुकीचा शब्द आणि कोरा शब्द. पहिल्यालाच दार उघडले पाहिजे. मग निर्देशिकेची तार काढा. राउटरमध्ये एक स्थानिक खाते राखून ठेवले नसेल, तर आता खुद्द सरही बाहेरच!