टीएमपीआरएसएस-२ चे प्रतिपिंड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टीएमपीआरएसएस-२ हे पेशीच्या पटलात रुतून बसलेले आणि इतर प्रथिने कापणारे विकर आहे. त्याचे जनुक २१व्या गुणसूत्रावर असून प्रथिनात ४९२ अमिनो आम्ले असतात. ते प्रोस्टेट ग्रंथी, आतडी आणि श्वसनमार्ग यांच्या पेशींत आढळते. हे विकर कोविड-१९ च्या कोरोना विषाणूचे काटेरी प्रथिन कापते आणि त्यामुळे विषाणूला पेशीत शिरायला वाट मिळते, हे २०२० साली दिसून आले. तेव्हापासून त्याचे नाव सर्वत्र झाले, पण त्याबरोबर शब्दाची एक गल्लतही आली. हे विकर शोधण्यासाठी प्रयोगशाळेत वापरतात ती प्रतिपिंडे म्हणजे आजारानंतर किंवा लशीनंतर आपल्या रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे नव्हेत. ती ससा, उंदीर अशा प्राण्यांच्या किंवा संवर्धित पेशींच्या साहाय्याने मुद्दाम तयार केलेली साधने आहेत. ती संशोधनापुरती असतात, रुग्णाच्या निदानासाठी नाहीत.

सर्वांत जास्त घोटाळा वस्तुमानावरून होतो. ४९२ अमिनो आम्लांचे गणित सुमारे ५४ किलोडाल्टन येते, म्हणून वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने जेलमध्ये वस्तुमानानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत, त्याच जागी एकच पट्टा दिसला पाहिजे असे धरले जाते. प्रत्यक्षात या प्रथिनाला शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात आणि त्यामुळे पूर्ण प्रथिन ५४ च्या वर, कधी ७० च्या आसपास दिसते. शिवाय हे विकर स्वतःलाच कापते. २५५व्या आर्जिनिन आणि २५६व्या आयसोल्युसिन यांमधला बंध तुटला की ते सक्रिय होते. तुटलेले दोन्ही तुकडे दोन गंधक अणूंमधल्या बंधाने (डायसल्फाइड बंधाने) एकमेकांना धरून राहतात. ब्लॉटसाठी नमुना तयार करताना क्षपणक घातला की हा बंधही सुटतो आणि तुकडे वेगळे धावतात. कापणारा भाग ओळखणारे प्रतिपिंड मग सुमारे ३२ किलोडाल्टनला पट्टा दाखवते, तर पेशीच्या आतल्या शेपटीकडचा, म्हणजे सुरुवातीचा भाग ओळखणारे दुसरीकडे दाखवते. म्हणून खालचा पट्टा म्हणजे प्रतिपिंड खराब असे होत नाही, आणि ५४ चा पट्टा दिसला म्हणून ते खरे ठरत नाही. प्रतिपिंड प्रथिनाच्या कोणत्या भागाविरुद्ध तयार केले आहे, हे विकत घेण्यापूर्वीच पाहायला हवे.

ही माहिती आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. या प्रथिनाची पहिली ८४ अमिनो आम्ले पेशीच्या आत असतात आणि कापणारा भाग बाहेर असतो. आतल्या शेपटीवर बसणारे प्रतिपिंड जिवंत, अखंड पेशीवर काहीच दाखवणार नाही, कारण ते पटल ओलांडू शकत नाही. अशा वेळी ‘पेशीत प्रथिन नाही’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. तसेच ब्लॉटवर उलगडलेले प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीवर चालेलच असे नाही. पटलातली प्रथिने उकळल्यावर गोळा होऊन जेलच्या तोंडाशी अडकू शकतात, हेही ब्लॉट करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

एकक्लोनी प्रतिपिंड म्हणजे अचूक, असाही एक समज आहे. कोहलर आणि मिल्श्टाइन यांच्या १९७५ च्या पद्धतीने एकसारखी प्रतिपिंडे मिळू लागली. पण ती एकसारखी असली म्हणून योग्य प्रथिनालाच चिकटतील याची हमी मिळत नाही. हेप्सिन, मॅट्रिप्टेज यांसारख्या भावंडांचा कापणारा भाग बराच सारखा असतो. प्रोस्टेट कर्करोगाच्या संवर्धित पेशींपैकी एलएनकॅप पेशींत हे प्रथिन असते आणि पीसी-३ मध्ये जवळजवळ नसते, म्हणून या जोडीवर चाचणी घेण्याची पद्धत आहे. मात्र या दोन पेशींत इतर असंख्य फरक असतात. त्याच पेशीतून केवळ हे जनुक काढून टाकावे आणि पट्टा नाहीसा होतो का ते पाहावे, हाच पुरावा पक्का.

प्रथिन दिसले म्हणजे ते काम करत आहे, असेही नाही. न कापलेले, निष्क्रिय रूप बहुतेक प्रतिपिंडांना तितकेच चांगले दिसते. सक्रियता मोजायची तर कापण्याची क्रियाच मोजावी लागते.

प्रोस्टेटच्या कर्करोगात अनेकदा या जनुकाचा तुकडा ईआरजी जनुकाला जोडला जातो, हे २००५ मध्ये उघड झाले. हे जोडजनुक टीएमपीआरएसएस-२ च्या प्रतिपिंडाने सापडेल असे अनेकांना वाटते. पण या जोडणीत बहुधा टीएमपीआरएसएस-२ चा प्रथिन न घडवणारा सुरुवातीचा भागच येतो. तो फक्त चालू-बंदचे बटण पुरवतो. तयार होणारे प्रथिन ईआरजीचे असते आणि ऊतीत ते शोधायला ईआरजीचेच प्रतिपिंड लागते.